तांबडी, काळी, काबरी

आषाढ संपत आला की लालबाग-परळच्या चिकनच्या दुकानांसमोर सकाळपासून रांगा लागतात. पिंजरे दोन तऱ्हांचे असतात. एकात पांढऱ्या ब्रॉयलर, एकमेकींना चिकटून बसलेल्या. दुसऱ्यात तांबड्या, काळ्या, काबऱ्या. 'गावठी आहे का?' असं कुणी विचारलं की दुकानदार दुसऱ्या पिंजऱ्याकडे बोट दाखवतो आणि बराच चढा भाव सांगतो. गिऱ्हाईक पिसांवरून नजर फिरवतं, मान डोलावतं आणि पैसे मोजतं. गिरणीच्या नोकरीसाठी कोकणातून आलेल्या घरांची तिसरी-चौथी पिढी आज इथे राहते आहे, पण वड्यांबरोबरचा रस्सा गावठी कोंबडीचाच हवा, ही ओढ अजून तशीच आहे. रंगीत पिसं म्हणजे गावठी, हा हिशेबही त्या ओढीबरोबर आला.

हा हिशेब चुकीचा आहे आणि तो का चुकीचा आहे हे कळलं की कोंबडीच्या पिसांबद्दलचं कुतूहल कमी न होता वाढतंच. या एका पक्ष्याच्या रंगांतून आनुवंशिकतेचं निम्मं शास्त्र उलगडलं आहे. मेंडेलचे नियम वाटाण्यापुरते नसून प्राण्यांनाही लागू पडतात, हे विल्यम बेटसन यांनी १९०२ मध्ये दाखवलं ते कोंबड्यांवरच. २००४ मध्ये पक्ष्यांपैकी पहिल्यांदा जनुकसंच वाचला गेला तोही कोंबडीचाच, तांबड्या रानकोंबडीचा.

मुळात रंगद्रव्यं दोनच. युमेलॅनिन काळं-तपकिरी, फिओमेलॅनिन तांबूस-पिवळसर. आपल्या केसांतही हीच दोन असतात. कोंबडीची सगळी रंगीत दुनिया या दोघांच्या प्रमाणावर, जागेवर आणि वेळेवर उभी आहे. पांढरा हा त्यात रंग नाहीच. रंगद्रव्य पोचलं नाही किंवा बनलंच नाही, की पीस पांढरं दिसतं.

रंगपेशीने काळं बनवायचं की तांबूस, हे ठरवणारी एक कळ त्या पेशीच्या आवरणावर असते. एमसी१आर नावाचं जनुक ती कळ तयार करतं. बाहेरून संदेश आला की कळ दाबली जाते आणि काळं द्रव्य बनू लागतं. संदेश थांबला की तांबूस. रानातल्या कोंबडीत ही उघडझाप व्यवस्थित चालते, म्हणून तिच्या पाठीवर बारीक तपकिरी-काळी नक्षी उमटते आणि अंड्यांवर बसलेली मादी पाचोळ्यात दिसेनाशी होते. पूर्ण काळ्या कोंबड्यांच्या काही जातींत मात्र या जनुकात एकच बदल झालेला आढळतो: प्रथिनाच्या साखळीतल्या ९२ व्या जागेवरचं अमिनो आम्ल बदललं. तेवढ्याने कळ कायमची दाबलेली राहते आणि सगळं अंग काळं होतं. नेमका हाच बदल, नेमक्या त्याच जागी, काळ्या उंदरांच्या एका वाणातही सापडला आहे. कोंबडी आणि उंदीर यांचे पूर्वज तीस कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले, तरी काळं होण्याची वाट दोघांना एकच सापडली.

आता नक्षी. ती समजायला पीस कसं वाढतं ते आधी पाहू. पीस टोकाकडून सुरू होतं आणि बुडाकडे संपतं. गिरणीतल्या मागावर कापड जसं इंच-इंच पुढे सरकत जातं आणि आधी विणलेला भाग आधी बाहेर पडतो, तसंच. त्यामुळे पिसाच्या लांबीवर काळ नोंदलेला असतो: टोकाला सोमवार, मध्ये बुधवार, बुडाशी शुक्रवार. रंगपेशी काही काळ काम करून थांबल्या, मग नव्या पेशींनी काम हाती घेतलं, की पिसावर आडवे पट्टे उमटतात. प्लायमाउथ रॉक जातीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांमागे हेच कारण आहे. तिथे सीडीकेएन२ए नावाच्या जनुकात बदल झालेला असतो. पेशींची वाढ आवरणारं हे जनुक. बदललेल्या रूपात ते रंगपेशींना वेळेआधीच थकवतं, काळ्यानंतर पांढरा पट्टा येतो, मग मुळाकडून ताज्या पेशी येतात आणि पुन्हा काळा. माणसात हेच जनुक बिघडलं तर त्वचेच्या एका कर्करोगाचा धोका वाढतो. पट्टेदार कोंबडी बघताना हे आठवलं की मला या पक्ष्याबद्दल वेगळाच आदर वाटतो.

पट्ट्यांचं हे जनुक झेड गुणसूत्रावर बसलेलं आहे आणि त्यातून एक व्यवहार जन्माला आला. पक्ष्यांत नराकडे दोन झेड असतात, मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू, म्हणजे माणसांच्या उलट. त्यामुळे मादी आपलं झेड फक्त मुलांना देते. मुलींचं झेड बापाकडून येतं. बिनपट्ट्याचा नर आणि पट्टेदार मादी यांची जोडी लावली तर सगळे नर पट्टेदार होतात आणि सगळ्या माद्या बिनपट्ट्याच्या. एका दिवसाच्या पिल्लात पट्टे दिसत नाहीत, पण नराच्या काळ्या डोक्यावर पांढरा ठिपका असतो. ठिपका बघून पिल्लं वेगळी करता येतात.

सोनेरी आणि रुपेरी रंगांची जोडीही झेडवरच आहे. सोनेरी नर आणि रुपेरी मादी घेतली की मुली तांबूस निघतात आणि मुलगे पिवळट-पांढरे. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये धान्याची टंचाई होती. अंडी न देणाऱ्या नरांना खाऊ घालणं परवडत नव्हतं. तेव्हा रंगावरून पिल्लं निवडण्याची कल्पना रेजिनाल्ड पनेट यांनी पुढे केली. बारावीच्या जीवशास्त्रात ज्यांच्या नावाचे चौकोन आपण भरतो, तेच हे पनेट. तपकिरी अंडी देणाऱ्या जगभरच्या व्यापारी कोंबड्या आज याच युक्तीने बनवल्या जातात. उबवणीतून बाहेर पडल्या दिवशीच तांबूस पिल्लं एका बाजूला जातात. फिकट भावंडांचं आयुष्य बहुतेक ठिकाणी तिथेच संपतं. अंडी देऊन थकलेली तांबडी कोंबडी पुढे बाजारात 'गावठी' म्हणून उभी राहू शकते. तिचा तांबडा रंग गावाच्या अंगणातून नव्हे, कारखान्याच्या सोयीतून आलेला असतो.

पांढऱ्या रंगाची गोष्ट सांगायला परळसारखी जागा नाही. मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून परळला आहे आणि तिथून जवळच के.ई.एम. रुग्णालय आणि सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालय. १९५२ मध्ये डॉ. य. मो. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगाला 'बॉम्बे रक्तगट' सांगितला. या माणसांच्या जनुकांत ए किंवा बी गट असू शकतो, पण त्याच्या आधीची एच नावाची पायरीच बनत नाही, म्हणून तपासणीत ते ओ गटाचे वाटतात. एक जनुक दुसऱ्याचं काम पूर्ण झाकून टाकतं. कोंबडीच्या एका पांढऱ्या रंगात हुबेहूब हेच घडतं. मेलॅनिन बनवणाऱ्या टायरोसिनेज या विकराच्या जनुकात विषाणूचा एक तुकडा जाऊन बसला आहे, त्यामुळे द्रव्यच तयार होत नाही. पट्टे, ठिपके, सोनेरीपणा हे सगळं जनुकांत असतं, पण दिसत नाही.

दुसरा पांढरा वेगळा. व्हाइट लेगहॉर्न या अंड्यांच्या जातीत पीएमईएल१७ या जनुकातला बदल काळं द्रव्य पिसात नीट जमूच देत नाही. हा पांढरा प्रबळ आहे, एकाच पालकाकडून आला तरी पुरतो. पहिला अप्रबळ, दोन्हीकडून यावा लागतो. या दोन तऱ्हांच्या पांढऱ्यांचा संकर केला तर पिल्लं पांढरी होतात, पण त्यांच्या पिल्लांत सोळामागे सरासरी तीन रंगीत निघतात. आजी पांढरी, आजोबा पांढरे, आई-बाप पांढरे आणि नातवंड काबरं. ज्या काळी आनुवंशिकता माहीत नव्हती, त्या काळी अशा पिल्लांबद्दल काय काय बोललं गेलं असेल!

ब्रॉयलर पांढरी असते यामागेही रंगाचाच विचार आहे. सोलल्यावर कातडीत राहिलेल्या कोवळ्या पिसांच्या मुळांत काळं असेल तर मांस डागाळलेलं दिसतं. पांढऱ्या पिसांचे डाग दिसत नाहीत, म्हणून पैदास करणाऱ्यांनी पांढरा रंग निवडला. चवीचा त्यात काही संबंध नव्हता.

कडकनाथबद्दलचा गैरसमज तर फारच पसरलेला आहे. झाबुआच्या भिल्ल-भिलाला समाजाने जपलेल्या या कोंबडीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि महाराष्ट्रात तिची लाट आली; २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरकडे तिच्या नावाच्या गुंतवणूक योजनांत अनेक शेतकऱ्यांनी पैसे गमावले. काळी पिसं म्हणजे कडकनाथ, असं समजून लोक कोणतीही काळी कोंबडी घेतात. पिसांचा काळा रंग आणि मांसाचा काळेपणा ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. कडकनाथच्या मांसाचा काळेपणा विसाव्या गुणसूत्रावरच्या एका मोठ्या फेरबदलामुळे येतो. तिथे ईडीएन३ हे जनुक असलेला भाग दुप्पट झाला आहे. त्यामुळे गर्भातच रंगपेशी भरमसाट वाढतात आणि एरवी जिथे त्यांनी जाऊ नये तिथे, स्नायूंत, हाडांच्या आवरणात, आतड्यांवर पसरतात. चीनच्या रेशमी पिसांच्या सिल्की कोंबडीत आणि इंडोनेशियाच्या आयाम सेमानीत हाच फेरबदल आहे, म्हणजे तो एकदाच घडला आणि माणसांबरोबर फिरला. सिल्की बहुधा पांढऱ्या पिसांची असते, तरी आतून काळी. कडकनाथमध्येही सोनेरी छटेची पिसं असलेला वाण आहे. कडकनाथ ओळखायची असेल तर पिसं बाजूला सारून कातडी, तुरा आणि जीभ बघावी.

मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो मात्र पिसांचा नव्हे, पायांचा पिवळा रंग. पाळीव कोंबडीचा पूर्वज तांबडा रानकोंबडा, असं डार्विन यांनी १८६८ च्या ग्रंथात ठामपणे लिहिलं आणि मुख्यतः ते खरं ठरलं. पण तांबड्या रानकोंबड्याची कातडी पिवळी नसते. मग आपल्या बाजारातल्या बहुतेक कोंबड्यांच्या पायांत पिवळा रंग कुठून आला? २००८ मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी या पिवळेपणाचं जनुक शोधलं आणि ते राखी रानकोंबड्याशी जुळलं. हा पक्षी आपला, भारतीय द्वीपकल्पाचा. कोयना, राधानगरी, महाबळेश्वरच्या जंगलात राहणारा, मानेच्या पिसांवर मेणासारखे चमकदार ठिपके मिरवणारा. खाद्यातून येणारी कॅरोटिनॉइड द्रव्यं कातडीत मोडून टाकणारं एक विकर असतं. राखी रानकोंबड्याकडून आलेल्या रूपात ते कातडीत जवळपास गप्प बसतं, म्हणून पिवळा रंग साठत जातो. मका खाल्ला की पाय पिवळे होतात ते यामुळे. दादरच्या फुलबाजारात दसरा-दिवाळीला ओसंडणारा झेंडूही याच द्रव्यांनी भरलेला असतो आणि अंड्याचा बलक गडद व्हावा म्हणून त्याचा अर्क कोंबड्यांच्या खाद्यात घालतात. जगभर विकल्या जाणाऱ्या पिवळ्या पायांच्या कोंबडीत आपल्याकडच्या रानपक्ष्याचा हा अंश आहे, हे आपल्या पाठ्यपुस्तकात असायला हवं.

परक्या जातीकडून रंग उसना घेण्याचं असंच उदाहरण दादरच्या कबुतरांतही आहे. त्यांच्या पंखांवर कधी दोन काळे पट्टे असतात, कधी चौकटीसारखी दाट नक्षी. २०१८ मध्ये असं दिसून आलं की ती चौकट एनडीपी या जनुकाच्या आसपासच्या बदलातून येते आणि तो बदल आफ्रिकेतल्या ठिपकेदार कबुतराशी काही शतकांपूर्वी झालेल्या संकरातून आला आहे. शुद्ध रक्ताच्या गप्पा मारणाऱ्यांनी एकदा कबुतरांचा थवा नीट बघावा.

कोकणातल्या गावांत राखणदार देवाला देण्याच्या कोंबड्याचा रंग ठरलेला असतो, कुठे तांबडा, कुठे काळा; आणि उलट्या पिसांच्या कोंबडीला तर वेगळंच महत्त्व. पीस घडवणाऱ्या केराटिनच्या जनुकातल्या बदलाने ती पिसं बाहेर वळतात. अशा पिसांतून किंवा मान उघडी असलेल्या कोंबडीच्या अंगातून उष्णता लवकर निघून जाते. बरेलीजवळ इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने म्हणूनच उलट्या पिसांपासून 'उपकारी' आणि उघड्या मानेपासून 'हितकारी' हे परसातले वाण तयार केले. गावकऱ्यांनी श्रद्धेने जपलेल्या गोष्टीत शास्त्राला उपयोग सापडला, तो असा.

परसबागेसाठी बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठाने तयार केलेला गिरिराज आणि हैदराबादचा वनराज हेही रंगीत आहेत. लोकांना रंगीत कोंबडी आवडते आणि घारीच्या नजरेतून ती थोडी तरी वाचते, म्हणून तो रंग ठेवला गेला. या चांगल्या कोंबड्या आहेत, शेतकऱ्याला त्यांचा फायदा होतो. पण त्या गावातल्या पिढीजात गावठी नव्हेत. तपकिरी अंड्यांचंही तेच. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो, त्यावरून आतलं पोषण वाढत नाही.

म्हणून बाजारात रंग बघू नका, वय विचारा. पाच-सहा महिने उघड्यावर फिरलेल्या कोंबडीच्या पायांचे खवले राठ होतात, छातीच्या हाडाचं टोक कडक होतं आणि मांस शिजायला वेळ लागतो. हे रंगाने कळत नाही, हाताने कळतं. आणि ज्यांची कोकणात अजून घरं आहेत, त्यांच्यासाठी एक विनंती: गावात तुमच्या आजीच्या वेळेपासूनची कोंबड्यांची जात उरली असेल तर सगळ्या एकदम विकून गिरिराज आणू नका. दरवर्षी कोंबडा शेजारच्या वाडीशी अदलाबदल करा, म्हणजे रक्त साचणार नाही. एका खुराड्यात तांबडी, काळी, काबरी आणि उलट्या पिसांची अशा चार तऱ्हा टिकल्या, तर पुढच्या पिढीला निवडायला काहीतरी उरेल.