कोणाला काय ठाऊक आहे?

महाभारतातल्या दुष्यंताला शकुंतला नीट आठवत असते. लोकलाजेस्तव तो तिला ओळख देत नाही, आणि आकाशवाणीने साक्ष दिल्यावरच तिचा स्वीकार करतो. कालिदासाने या कथेत दुर्वासाचा शाप घातला. त्यामुळे राजाच्या चारित्र्यावरचा डाग पुसला गेला, असे नेहमी म्हटले जाते आणि ते खरेही आहे. पण रंगभूमीच्या दृष्टीने शापाने याहून मोठे काम केले. तो शकुंतलेच्या कानावर पडतच नाही. तो कळतो अनसूया-प्रियंवदेला आणि प्रेक्षकांना. सख्या तोंड मिटून बसतात, आणि प्रेक्षकांना तर बोलण्याची सोयच नाही. पुढे भर दरबारात राजा शकुंतलेला नाकारतो तेव्हा तिला तो लबाड वाटतो, त्याला ती लबाड वाटते. दोघेही आपापल्या परीने खरे बोलत आहेत, हे समोर बसलेल्यांनाच ठाऊक असते. शाप वगळला तर प्रेक्षक राजावर चिडेल आणि मोकळा होईल. शाप असल्यामुळे त्याला चिडायलाही माणूस उरत नाही.

स्वगत, जनांतिक, उपरोध, सूत्रधार, प्रतीक ही नावे आपण अलंकारांसारखी पाठ करतो, जणू संवाद लिहून झाल्यावर नाटककाराने वरून चढवलेले दागिनेच. माझे म्हणणे असे की ती नाटकाची हाडे आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांचे काम एकच आहे: कोणाला काय, केव्हा आणि कोणाच्या पाठीमागे कळणार, हे ठरवणे. कादंबरीकार कोणाच्याही मनात शिरून दोन पाने लिहू शकतो. नाटककाराजवळ मात्र माणसे आणि त्यांचे बोलणे एवढेच भांडवल असते, म्हणून ही वाटणी त्याला उघड्यावर, काही संकेत ठरवून करावी लागते. संस्कृत नाट्यशास्त्राने हे संकेत बारकाईने नोंदवले आहेत. स्वगत प्रेक्षकांनी ऐकायचे, रंगमंचावरच्यांनी नाही. जनांतिकात दोघांनी आपसांत बोलायचे आणि बाजूला उभ्या तिसऱ्याने बहिरे व्हायचे. त्यासाठी नटाने अनामिका दुमडलेला त्रिपताक हस्त आडवा धरायचा. एवढ्याशा हाताच्या आडोशाने भिंत उभी राहते, आणि प्रेक्षक ती मुकाट्याने मान्य करतात.

विनोदात ही वाटणी सर्वांत स्वच्छ दिसते. देवलांचे ‘संगीत संशयकल्लोळ’ 1916 साली रंगभूमीवर आले. त्याचे आधीचे गद्य रूप ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’, आणि मूळ मोलिएरचे, आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकावरून आलेले. एक तसबीर चुकीच्या हातात पडते, फाल्गुनराव बायकोचा संशय घेतो, कृत्तिका नवऱ्याचा घेते, आणि रेवती-अश्विनशेठ त्यात सापडतात. मौज अशी, की फाल्गुनरावाच्या तर्कात चूक फारशी नाही. जे दिसले त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष कोणीही काढला असता. फक्त त्याला अर्धेच दिसले आहे आणि आपल्याला पूर्ण. हशा येतो तो या उरलेल्या अर्ध्यामुळे. म्हणूनच घोटाळा तोंडपाठ असलेले प्रेक्षकही पुन्हा तिकीट काढतात.

यावर कोणी रहस्यनाट्याकडे बोट दाखवील. अगाथा ख्रिस्तीचे ‘द माउसट्रॅप’ 1952 पासून, करोनाकाळातला खंड सोडला तर, लंडनमध्ये चालू आहे, आणि शेवट बाहेर फोडू नका अशी विनंती तिथे प्रेक्षकांना केली जाते. मग प्रेक्षकांना अंधारात ठेवण्यातच खरी ताकद नाही का? ताकद आहेच, पण तीही वाटणीचीच. इथे जास्तीचा वाटा पात्राकडे आहे एवढाच फरक. माझे झुकते माप मात्र पहिल्या प्रकाराला. गुपित एकदा फुटले की संपते. प्रेक्षकाला आधीच सांगितलेले गुपित दर प्रयोगाला नव्याने टोचते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हे सारे जुन्या नाटकांचे झाले; वास्तववादी नाटकाने स्वगत हद्दपार केले, कारण खोलीत एकटा माणूस इतके सुसूत्र मोठ्याने बोलत नाही. याला उत्तर तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्येच (1967) सापडते. खेड्यातल्या एका हॉलमध्ये वेळ घालवायला अभिरूप खटला सुरू होतो. आरोपी लीला बेणारे, आरोप भ्रूणहत्येचा. सुरुवातीलाच दाराच्या कडीत बेणारेचे बोट चेमटते. आपण ते विसरून जातो. पुढे खेळाचे रूप पालटते, ती उठून जायला निघते, आणि दार बाहेरून बंद असते. पहिल्या अंकात जी किरकोळ माहिती होती, ती आता शिक्षा झालेली असते. प्रतीक प्रतीक म्हणतात ते याला, आणि ते कडीइतके साधे असले तरच चालते.

शेवटी न्यायमूर्ती काशीकर तिला बोलायला दहा सेकंद देतात. त्या दहा सेकंदांत बाकीचे थिजतात आणि बेणारे दीर्घ स्वगत बोलते. ते संपते तेव्हा कोर्टाच्या लेखी आरोपी काहीच बोललेली नसते. हे बोलणे तिने तिथल्या माणसांना ऐकवले असते, तर ते निवेदन झाले असते आणि त्यावर उलटतपासणीही झाली असती. फक्त आपण ऐकले, म्हणून त्या कोर्टाचे बहिरेपण आपल्याला दिसले. मग निकाल येतो: तिच्या पोटातला गर्भ नष्ट करावा. ज्या गुन्ह्याचा आरोप ठेवला, तोच गुन्हा कोर्ट शिक्षा म्हणून फर्मावते, आणि हा उपरोध रंगमंचावर कोणाच्याही ध्यानात येत नाही. अस्सल वास्तववादी नाटकाला ऐन मोक्याच्या क्षणी स्वगताची गरज पडली, यापेक्षा मोठा पुरावा कोणता हवा?

पाच वर्षांनी ‘घाशीराम कोतवाल’मध्ये त्याच नाटककाराने माणसांचीच रांग पडद्यासारखी उभी केली. ही रांग गाते, कथा सांगते, हवे ते झाकते, हवे ते दाखवते. पुण्याला काय ठाऊक होते आणि पुण्याने कशाकडे पाठ फिरवली, हे तिथे संवादाने सांगावे लागत नाही. पाठ फिरलेली दिसतेच.

सगळे काही या एका सूत्रात बसते असे नाही. नाट्यपद हा मोठा अपवाद. बालगंधर्वांचे पद रंगत असताना कथेतले कोणाला काय कळले याची फिकीर कोणालाच नसे, आणि वन्समोअर मिळाला की कथा जागच्या जागी उभी राहायची. तो आनंद वेगळ्या जातीचा आहे. त्याला क्लृप्ती म्हणून मोजण्यात अर्थ नाही.

शाळेत नाट्यउतारा शिकवताना मात्र ‘स्वगत म्हणजे काय?’ हा प्रश्न शिक्षकांनी खुशाल वगळावा. त्याऐवजी विचारावे: या प्रसंगात कोणाला काय ठाऊक आहे, आणि ते ठाऊक नसते तर प्रसंगाचे काय झाले असते? व्याख्या पाठ नसलेली मुलेही याचे उत्तर देऊ शकतील.