हरवलेला ट्राउट परत आला: पिरॅमिड तलावाची गोष्ट



पहिला पाऊस पडला की आपल्याकडे चढणीचे मासे ओहोळांत शिरतात. पोटात गाबोळी असते आणि पाण्याच्या उलट चढत जायचं असतं. ती वाट अडली तर पुढची पिढी नाही, हे मच्छीमाराला कुणी शिकवावं लागत नाही. अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात एका मोठ्या माशाची वाट अशीच अडली. मासा संपला. पण पुढे तो परत आणला गेला. कसा, ते आपण सगळ्यांनी वाचण्यासारखं आहे.

नेवाडातला पिरॅमिड तलाव पाययूट या तिथल्या मूळ रहिवाशांच्या राखीव क्षेत्रात येतो. टाहो सरोवरातून निघालेली ट्रकी नदी इथेच येऊन संपते, समुद्राला मिळत नाही. या तलावाचा मूळ मासा म्हणजे लाहोन्टन कटथ्रोट ट्राउट. जबड्याखाली लाल पट्टा असतो, त्यावरून हे नाव पडलं. १९२५ साली इथे ४१ पौंडांचा, म्हणजे साडेअठरा किलोंचा ट्राउट मिळाला होता. पाययूट कुटुंबं हा मासा खात आणि विकतही.

मासा गेला कसा?

१९०५ मध्ये ट्रकी नदीवर डर्बी धरण झालं आणि बरंचसं पाणी शेतीकडे वळलं. तलाव उतरत गेला. १९६० च्या दशकापर्यंत पातळी सुमारे ८० फूट खाली आली होती. नदीच्या मुखाशी गाळ साचून पाणी इतकं उथळ झालं की अंडी घालायला निघालेला मासा वर चढू शकेना. १९३८ नंतर नदीत त्याची वीण झाली नाही, आणि काही वर्षांतच तलावातला मूळ ट्राउट नाहीसा झाला.

पुढे दुसऱ्या तलावांतल्या कटथ्रोटचं बीज आणून सोडलं. ते जगलं, मासेमारीही सुरू झाली, पण जुन्या माशाएवढं अंग काही धरेना. जात तीच, पण वाण वेगळा.

बीज कुठे सापडलं?

१९७० च्या दशकात नेवाडा-यूटा सीमेवर, पायलट पीक डोंगराच्या एका लहानशा ओढ्यात कटथ्रोट सापडले. फार पूर्वी कुणीतरी ते तिथे नेऊन सोडले असावेत. ओढा लहान, त्यामुळे मासेही लहान. पुढे संग्रहालयात जपलेल्या जुन्या माशांशी त्यांचे जनुक ताडून पाहिले, तेव्हा पिरॅमिडच्या मूळ वाणाशी नातं जुळलं. १९९५ मध्ये या ओढ्यातली अंडी सरकारी हॅचरीत नेऊन बीज वाढवलं आणि २००६ पासून ते पिरॅमिड तलावात सोडलं जाऊ लागलं. काही वर्षांतच २० पौंडांच्या वरचे ट्राउट गळाला लागू लागले!

नुसत्या बीजाने भागलं का?

नाही. मासा वर चढावा म्हणून नदीच्या खालच्या टप्प्यात मार्ग बांधला. स्टॅम्पीड जलाशयाचं पाणी माशांसाठी नदीत सोडायचं ठरलं. २०१४ मध्ये ट्रकी नदीत ७६ वर्षांनी या माशाची वीण झाली. डर्बी धरणावर मासा कालव्यात वाहून जाऊ नये अशी जाळी २०२० मध्ये बसली. तरीही तलावातला बराचसा मासा अजून हॅचरीतूनच येतो. हरवलेली गोष्ट परत मिळवायला इतकी वर्षं आणि इतका पैसा लागतो, हे लक्षात ठेवू या.

मासेमारीचं काय झालं, हेही महत्त्वाचं. १९७० मध्ये हा मासा नामशेष होण्याच्या मार्गावरच्या यादीत गेला होता. १९७५ मध्ये त्याला एक पायरी कमी धोक्याच्या यादीत आणलं, म्हणजे नियम पाळून मासेमारी करता येईल. आज पिरॅमिडवर गळ टाकायचा तर परवाना पाययूट लोकांकडून घ्यावा लागतो. किती आणि कोणत्या मापाचा मासा न्यायचा, हंगाम कधी, हे तेच ठरवतात. परवान्याचा पैसा त्यांच्याकडेच येतो. मासा राखला तर त्यांचंच घर चालतं, म्हणून राखण मनापासून होते.

आपल्यासाठी काय?

मुद्दे तीन. पहिला, बीज सोडताना जात कोणती एवढंच नको, ते कुठल्या पाण्यातलं आहे हेही विचारू या. आपल्या नदीतला वाण एकदा गेला की बाजारात विकत मिळत नाही. दुसरा, १ जून ते ३१ जुलै आपण होड्या बांधून ठेवतो, त्या ६१ दिवसांचं नुकसान सोसतो. पण त्याच दिवसांत बंधारा, भराव किंवा आडवं जाळं नदीची वाट अडवत असेल, तर गोड्या पाण्याच्या माशाला आपल्या बंदीचा उपयोग काय? तिसरा, नियम ठरवताना मच्छीमार तिथे बसलेला हवा.

तुमच्या ओहोळात पूर्वी कुठले मासे चढायचे आणि आता कुठले दिसत नाहीत? घरातल्या जुन्या माणसांना विचारा, माशाचं नाव आणि जागा खाली लिहा. कुठे काय होतं हे आधी लिहून ठेवलं, तरच पुढे काही परत आणता येईल.