खात्रीचा व्यापार : जिम क्रेमर यांची दूरचित्रवाणीवरील कारकीर्द

न्यू यॉर्कच्या शेअरबाजाराचे दिवसाचे व्यवहार आटोपल्यावर दोन तासांनी, म्हणजे तिकडच्या सायंकाळी सहा वाजता, सीएनबीसी वाहिनीवर एक टक्कल पडलेले गृहस्थ शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत सारून अवतीर्ण होतात, आणि ज्या विषयावर पेढीवरचे जुने मुनीमसुद्धा हलक्या आवाजात बोलतात त्या विषयावर तासभर घसा फोडून ओरडतात. देशाच्या कुठल्याशा कोपऱ्यातून एखादा प्रेक्षक दूरध्वनीवर कंपनीचे नाव उच्चारतो. त्यावर 'घ्या' किंवा 'विका' असा निकाल तत्काळ मिळतो, आणि समोरच्या बटणांपैकी एखादे दाबले गेले की तेजीचे प्रतीक असलेला बैल डुरकतो वा मंदीचे अस्वल गुरगुरते. 14 मार्च 2005 रोजी सुरू झालेल्या या कार्यक्रमाचे नाव 'मॅड मनी', आणि या गृहस्थांचे नाव जिम क्रेमर.

क्रेमर यांची भाकिते किती खरी ठरली आणि किती फसली, यावर अमेरिकेत वाद घालणारे पुष्कळ आहेत. परंतु त्यांच्या चरित्रातील खरोखर विचारणीय भाग हा, की व्यापारी, वृत्तपत्रकार आणि नट या तीन वृत्ती एकाच माणसात गुण्यागोविंदाने नांदल्या, आणि कोणत्या घटकेला त्यांपैकी कोण बोलत आहे हे ओळखण्याचे साधन श्रोत्याच्या हाती क्वचितच राहिले.

1955 साली फिलाडेल्फियाजवळ जन्मलेल्या क्रेमर यांनी हार्वर्डमध्ये शिकत असताना विद्यार्थ्यांच्या 'क्रिम्सन' या दैनिकाची धुरा वाहिली, पदवीनंतर फ्लोरिडा व कॅलिफोर्नियातील वृत्तपत्रांत वार्ताहराची नोकरी केली, आणि हलाखीच्या एका काळात मोटारीतच रात्री काढल्या. पुढे कायद्याच्या अभ्यासासाठी ते हार्वर्डला परतले खरे, पण चित्त कलमांपेक्षा शेअरांच्या भावात अधिक गुंतले. घरी कोणी नसताना दूरध्वनी घेणाऱ्या यंत्रावर त्यांनी स्वागताच्या शब्दांऐवजी आपल्या पसंतीच्या शेअरची शिफारस ध्वनिमुद्रित करून ठेवली होती. 'न्यू रिपब्लिक' या नियतकालिकाचे मालक मार्टिन पेरेट्झ यांनी त्यांच्याशी बोलण्यासाठी वारंवार दूरध्वनी केला तो प्रत्येक वेळी यंत्रानेच घेतला. ऐकलेल्या शिफारशींवर पैसे लावून फायदा झाल्यावर पेरेट्झ यांनी या तरुणाच्या हवाली पाच लाख डॉलर केले. यंत्राच्या तोंडून अनोळखी माणसाला सल्ला देण्याची ही तऱ्हा पुढे त्यांच्या साऱ्या कारकिर्दीची झाली.

गोल्डमन सॅक्समध्ये उमेदवारी केल्यावर 1987 साली त्यांनी स्वतःचा हेज फंड, म्हणजे निवडक धनिकांचा पैसा घेऊन तेजीमंदी दोहोंवर सौदे करणारी पेढी, काढली. ऑक्टोबर 1987 च्या पडझडीपूर्वी ते बाजारातून बाहेर पडले होते, आणि पेढीतून निवृत्त होईपर्यंतच्या वर्षांत आपण सरासरी 24 टक्के वार्षिक नफा मिळवून दिला, असे ते सांगत आले. याच काळात त्यांची लेखणीही चालू होती, आणि पहिला वाद उद्भवला तो तिच्यामुळेच. 1995 साली 'स्मार्टमनी' मासिकातील लेखात त्यांनी काही लहान कंपन्यांची वाखाणणी केली. अंक बाजारात येताच त्या शेअरांचे भाव चढले. आणि ते शेअर क्रेमर यांच्या फंडाने आधीच घेऊन ठेवलेले होते, हे वाचकांना लेखाबरोबर सांगितले गेले नव्हते. त्यांच्यावर कायद्याने आरोप ठेवला गेला नाही, तरी मालक आणि परीक्षक एकच असला म्हणजे परीक्षेचे मोल काय राहते, हा प्रश्न कायम राहिला. पुढे दूरचित्रवाणीवर आल्यावर क्रेमर आपली गुंतवणूक एका धर्मादाय विश्वस्तनिधीत ठेवू लागले आणि त्यातील शेअरांचा उल्लेख करताना तसे जाहीर करू लागले, ही सुधारणा नोंदविणे न्यायाचे होईल.

मात्र वक्त्याचा स्वतःचा एक छदामही गुंतलेला नसला तरी श्रोत्याचे नुकसान कसे होऊ शकते, हे समजून घेण्यासारखे आहे. कार्यक्रम संध्याकाळी होतो. रात्रभर हजारो घरांतून खरेदीचे हुकूम दलालांकडे साचतात. आणि सकाळी बाजार उघडतो तो चढलेल्या भावानेच. 2012 साली 'मॅनेजमेंट सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, 'मॅड मनी'वरील शिफारशीनंतर एका रात्रीत चढलेला भाव पुढील काही महिन्यांत पुन्हा उतरतो. म्हणजे सल्ला बरोबर असो वा चूक, जो प्रेक्षक तो ऐकून दुसऱ्या दिवशी खरेदीस धावतो, तो आपल्याच शेजाऱ्यांच्या घाईची किंमत मोजतो, आणि ज्याच्यापाशी तो शेअर आधीपासून आहे त्याला अनायासे गिऱ्हाईक मिळते.

ऑगस्ट 2007 मध्ये क्रेमर यांनी कॅमेऱ्यासमोर अक्षरशः थयथयाट करून अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेला कर्जबाजारातील अरिष्टाचा पत्ताच नाही, असे बजावले, आणि पुढील वर्षाने त्यांना खरे ठरविले. परंतु लोकांच्या स्मरणात राहिली ती 11 मार्च 2008 ची संध्याकाळ. बेअर स्टर्न्स या गुंतवणूक पेढीच्या रोखतेविषयी काळजी करावी का आणि आपले पैसे तेथून काढून घ्यावेत का, असे एका प्रेक्षकाने विचारले. त्यावर 'नाही, नाही, नाही' असे गर्जून, बेअर सुस्थितीत आहे, पैसे हलवू नका, असा क्रेमर यांनी जबाब दिला. त्या दिवशी तिचा शेअर साठ डॉलरच्या वर होता. पाच दिवसांनी जेपी मॉर्गनने ती पेढी दर शेअरला 2 डॉलर या भावाने घेण्याचे ठरविले, आणि ओरड झाल्यावर तो आकडा 10 वर नेला. प्रश्न पेढीतील खात्याचा होता, शेअरचा नव्हता, आणि खातेदारांचे पैसे बुडाले नाहीत, ही क्रेमर यांची कैफियत तपासून पाहता शब्दशः ग्राह्य आहे. तरीही ज्या कार्यक्रमात प्रत्येक नाव खरेदीविक्रीसाठीच उच्चारले जाते, तेथे 'सुस्थितीत आहे' हे शब्द भागधारकाच्या कानी कोणत्या अर्थाने पडले असतील, हे सांगायला पंडित नको. खाते आणि शेअर यांतील भेद समजाविण्यास अर्धे मिनिट पुरले असते. त्या कार्यक्रमाच्या लयीत ते अर्धे मिनिट बसत नव्हते.

12 मार्च 2009 रोजी विनोदी वार्ताकार जॉन स्टुअर्ट यांनी क्रेमर यांना आपल्या 'डेली शो'त बोलावले आणि त्यांची जी उलटतपासणी घेतली, तीत विनोद फारच थोडा होता. हेज फंड चालविणारा मनुष्य भाव कसा मुद्दाम खाली रेटतो आणि वार्ताहरांच्या कानी सोयीस्कर वावड्या कशा पोचवितो, याचे क्रेमर यांनीच 2006 साली केलेले सुरस वर्णन स्टुअर्ट यांनी पडद्यावर दाखविले. बाजारातील लबाडीच्या खाणाखुणा ज्याला इतक्या बारकाईने ठाऊक आहेत, त्याने त्या लोकांपुढे मांडायच्या की लोकांना नाचगाण्यात रमवायचे, असा त्या प्रश्नांचा रोख होता. क्रेमर यांनी फारसा बचाव केला नाही. आपण अधिक चांगले काम करायला हवे होते, हे त्यांनी मान्य केले. कार्यक्रम मात्र पूर्ववत चालू राहिला.

पुढे तर त्यांची भाकिते उलटतात ही समजूतच एक व्यापारी जिन्नस झाली. ऑक्टोबर 2022 मध्ये 'मेटा' कंपनीची शिफारस फसल्याबद्दल त्यांनी डोळ्यांत पाणी आणून क्षमा मागितली. मार्च 2023 मध्ये त्यांच्या सल्ल्याच्या नेमके विरुद्ध पैसा लावणारा एक फंड अमेरिकेत निघाला. विनोद असा, की मेटाचा शेअर 2023 मध्ये जवळजवळ तिप्पट झाला आणि तो विरोधी फंड वर्षभरातच गुंडाळावा लागला. ज्याचे बोल खात्रीने चुकतात असा मनुष्यही खात्रीने बरोबर असणाऱ्याइतकाच दुर्मिळ होय.

आपल्याकडे मुंबईतून चालणाऱ्या व्यापारवाहिन्यांवरही सकाळपासून शिफारशींचा असाच रतीब चालू असतो, आणि जानेवारी 2021 मध्ये सेबीने अशाच एका सूत्रसंचालकावर व त्याच्या कुटुंबीयांवर अंतरिम आदेशाने बाजारबंदी घातली. शिफारस प्रक्षेपित होण्याच्या आदल्या दिवशी तेच शेअर घरच्यांच्या नावे घेतले गेले आणि दुसऱ्या दिवशी विकले गेले, असे त्या आदेशात प्रथमदर्शनी नमूद होते. अशा प्रकारांना कायदा आहे, दप्तरी नोंद आहे, दंड आहे. क्रेमर यांच्या कारकिर्दीतून निघणारा प्रश्न याहून अवघड, कारण तेथे बहुतेक वेळा नियमभंग झालेलाच नसतो. अनिश्चित वस्तूविषयी निश्चित स्वरात बोलणे हा गुन्हा नव्हे. पण ज्या माणसाने आयुष्याची पुंजी घेऊन प्रश्न विचारलेला आहे, त्याला 'मला ठाऊक नाही' हे उत्तर मिळण्याची शक्यताच ज्या व्यासपीठावर नाही, तेथे करमणूक म्हणून जरूर बसावे, पैसे लावण्यापूर्वी मात्र कंपनीचा ताळेबंद स्वतः उघडावा.