बे एके बे आणि अर्ध्या सेकंदाचा घोळ

२०२०चा पावसाळा. शाळा बंद, वर्ग फोनवर. बोईसरला आमच्या शेजारची पहिलीतली मुलगी मोबाइलपुढे मांडी घालून बसली होती. बाई म्हणाल्या, "चला, बेचा पाढा, सगळ्यांनी एकत्र!" वीसपंचवीस घरांतून मुलांनी सूर लावला. फोनमधून मात्र एकाचं 'बे दुणे', कुणाच्या तरी कुकरची शिट्टी, मग शांतता आणि एकदम दुसऱ्याच कुणाचं 'बे पंचे' ऐकू आलं. बाई वैतागल्या, "गोंधळ करू नका." पोरांचा पाढा चोख होता. घोळ घालत होतं ते ॲप.

व्हिडिओ कॉलची ही ॲपं घडवली गेली ऑफिसातल्या बैठकांसाठी. तिथे एकाने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. म्हणून जो आवाज ठळक तो पुढे काढायचा आणि उरलेले खरखर समजून दाबायचे, असंच त्यांना शिकवलेलं असतं. त्यात प्रत्येक घरचं नेट निराळं, म्हणून प्रत्येकाचा आवाज निराळ्या उशिराने पोचतो. एका सुरात पाढे म्हणणं ही आपल्या शाळांची जुनी, हुकमी रीत. पाठ नसलेलं पोरही त्या लाटेवर तरून जातं. नेमकी हीच रीत पडद्यावर चालत नाही.

बोलण्यालाही ठेका असतो. समोरासमोरच्या गप्पांत एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सेकंदाचा जेमतेम पाचवा भाग लागतो. जगभरच्या दहा भाषांच्या २००९मधल्या अभ्यासात थोड्याफार फरकाने हेच दिसलं. २०२१मध्ये झूमवरच्या गप्पा मोजल्या गेल्या. समोरासमोर १३५ मिलिसेकंद असलेली ही फट झूमवर ४८७ मिलिसेकंदांवर गेली. तंत्रामुळे होणारा उशीर याहून बराच कमी होता. उरलेला अडखळा ठेकाच चुकल्यामुळे येत असावा, असा संशोधकांचा कयास आहे. मोठी माणसं हे कसंबसं निभावतात. लहान मुलाला एरवीही उत्तर जुळवायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. ते तोंड उघडेपर्यंत बाई पुढच्या मुलाचं नाव घेऊन मोकळ्या झालेल्या असतात.

मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७०च्या दशकात साध्या वर्गांत हेच मोजलं होतं. प्रश्न विचारून शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबत. तीन सेकंद थांबले की उत्तरं लांबत आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलत. ऑनलाइन वर्गात मी तर म्हणेन, मनात सावकाश पाच अंक मोजावेत. बाईंना ती शांतता खायला उठेल, पण मुलाचं डोकं तेव्हाच चालत असतं.

मग पडदाच वाईट का? तसं सरसकट म्हणता येत नाही. २०१४मध्ये सारा रोझबेरी, कॅथी हर्श-पासेक आणि रॉबर्टा गोलिंकॉफ यांनी दोन ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांना नवी क्रियापदं शिकवून पाहिली. काहींना समोर बसून, काहींना व्हिडिओ कॉलवर, तर काहींना दुसऱ्याच मुलाशी झालेल्या संवादाचं रेकॉर्डिंग दाखवून. पहिले दोन गट शिकले, तिसरा नाही. काच तीच आणि बाईही तीच. रेकॉर्डिंगमधली बाई मात्र भलत्याच क्षणी हसत होती आणि भलत्याच प्रश्नाचं उत्तर ऐकत होती. आपण काही केलं की पलीकडे काही घडतं, एवढी खात्री मुलाला पुरते. ती नसेल तर वर्गाचा टीव्ही होतो.

असा वर्ग कसा आखावा, याचा पाठ आमच्याच जिल्ह्यात फार आधी गिरवला गेला आहे. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी १९४५मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी'ची कल्पना ती हीच. पुढे १९५७मध्ये केंद्र डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे त्यांच्या सहकारी अनुताई वाघांनी गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा चालवली. गुरं चरताहेत तिथेच वर्ग. माँटेसोरीची महागडी साधनं पाड्यावर कुठून आणणार? मग शिंपले, बिया, खडे, पानं हेच साहित्य झालं.

ऑनलाइन वर्गाला हे जसंच्या तसं लागू पडतं. मुलापुढे भिंगऱ्या, तारे, टाळ्यांची ॲनिमेशनं नाचवण्यात आपण फार शक्ती घालवली, असं माझं मत आहे. पडद्यावर चित्रातली पाच सफरचंदं मोजण्यापेक्षा 'जा, घरातून पाच गोल वस्तू घेऊन ये' म्हटलेलं बरं. मूल उठतं, शोधतं, बांगडी, झाकण, कांदा घेऊन परत येतं आणि दाखवायला त्याच्याकडे स्वतःचं काही असतं. फोन तोंडासमोर न धरता डब्याला टेकवून खाली झुकवला तर बाईंना त्याचे हात दिसतात. चूक हातात आधी कळते. एका वेळी चारपाच मुलं. पाढा म्हणायचाच तर सगळ्यांचे माइक बंद, बाईंचा एक आवाज आणि प्रत्येक घरात टाळी. स्वतःचा चेहरा दिसणारी चौकटही झाकलेली बरी, नाहीतर अर्धा वर्ग वाकुल्या दाखवण्यात जातो.

केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षणासाठीच्या, जुलै २०२०मधल्या 'प्रज्ञाता' सूचनांत बालवाडीसाठी दिवसाला जास्तीत जास्त ३० मिनिटं होती आणि तीही पालकांशी बोलायला. तेव्हा मला ते हात झटकणं वाटलं होतं. आता वाटतं, त्यात शहाणपण होतं, फक्त पालक सकाळी घरी असतात हे गृहीत धरलं होतं. तारापूर एमआयडीसीत पाळ्या चालतात. घरातला एकुलता फोन बापाच्या खिशातून सकाळी कंपनीत जातो. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर तर आधी रेंज शोधत टेकडी चढायची. अशा घरांसाठी सकाळी दहाचा वर्ग म्हणजे रोजची गैरहजेरी. बाईंचा एक मिनिटाचा व्हॉइस मेसेज आणि मुलाने रात्री पाठवलेलं उत्तर हासुद्धा संवादच आहे. ठेका संथ, एवढंच. दुसऱ्या दिवशीच्या मेसेजात बाईंनी त्याच उत्तराचा धागा पकडायला मात्र हवा.

शेजारच्या त्या मुलीच्या बाईंनी गणपतीनंतर पाढे सोडले आणि चिंचोके मोजायला दिले. बाबा पाळीवरून आले की रात्री साडेनऊला पोरगी फोनवर उत्तर रेकॉर्ड करायची. एकदा मी दारात उभा होतो. "...सतरा, अठरा, एकोणीस. बाई, थांबा हं, एक कॉटखाली गेलाय."