मोठ्या पिस्तुलात बारकी गोळी

आपल्या पेठच्या डोंगराळ मुलखात बंदूक म्हटली की डोळ्यांपुढे येते ती ठासणीची. नागली-वरई पिकू लागली, रानडुकरांचा त्रास वाढला, की माळ्यावर बसून राखण करायची आणि वेळ पडली तर हवेत बार काढायचा. पिस्तूल ही काही शेतातली वस्तू नव्हे. तरी घरातला एखादा माणूस सैन्यातून पेन्शनीत येतो, रीतसर लायसन्स काढून संरक्षणासाठी .३२ चे पिस्तूल घेतो. मग घरातला कॉलेजात जाणारा पोरगा मागे लागतो, "काका, मला नेम धरायला शिकवा." काकांचे काडतूस महाग, वर्षाला मिळणारी काडतुसे मोजकी. अशा वेळी कुणीतरी माहिती पुरवतो की मोठ्या पिस्तुलाला पॉइंट टू टूचा संच बसवता येतो. गोळी स्वस्त, धक्का नाही, आवाजही कमी.

असा संच असतो का? असतो. पण तो काय आहे, कसा पारखतात आणि आपल्याला तो घेता येतो का, हे नीट समजून घेतल्याशिवाय काकांच्या पिस्तुलाला कुणी हात लावू नये.

आधी गोळीचे पाहू. दिवाळीत मुले टिकल्या फोडतात. दाब बसला की टिकलीतली दारू पेटते. काडतुसातही असाच प्रकार असतो. मोठ्या काडतुसाच्या बुडाशी मधोमध एक छोटी टोपी असते. पिन तिच्यावर आदळते आणि बार उडतो. पॉइंट टू टूच्या काडतुसाला अशी टोपीच नसते. पेट घेणारा मसाला पुंगळीच्या काठात, बुडाच्या कडेने, भरलेला असतो. म्हणून पिन मधे न आदळता काठावर आदळावी लागते. पुंगळीचा पत्रा पातळ, दारू थोडी, म्हणून हे काडतूस स्वस्त. मात्र एकदा उडाले की ती पुंगळी पुन्हा भरता येत नाही.

यावरून एक गोष्ट लक्षात येईल. नुसती बारीक नळी घातली म्हणून काम भागत नाही. पिनची जागा बदलावी लागते. शिवाय पिस्तुलाची वरची सरकती बाजू, जिला स्लाइड म्हणतात, ती मोठ्या गोळीच्या जोराने मागे ढकलली जाते आणि पुढचे काडतूस चढते. .४५ ची गोळी सुमारे १५ ग्रॅम वजनाची, तर पॉइंट टू टूची जेमतेम अडीच ग्रॅमची. बैलाने ओढायचे जू कोकराच्या मानेवर ठेवावे तसे होते. ती जड स्लाइड हलतच नाही. म्हणून संचात हलकी स्लाइड, नवी नळी, नवी स्प्रिंग आणि वेगळे मॅगझिन असते. खालचा सांगाडा, मूठ आणि चाप मात्र मूळ पिस्तुलाचाच राहतो.

ही युक्ती आजची नव्हे. ब्रिटिश सैन्यात १८८० च्या दशकातच मार्टिनी बंदुकीच्या नळीत मॉरिस नावाची बारीक नळी सरकवून कमी खर्चात सराव करीत. पिस्तुलाच्या बाबतीत अमेरिकेतील कोल्ट कंपनीने १९३१ साली .४५ च्या घडणीवरच पॉइंट टू टूचे वेगळे पिस्तूल काढले आणि १९३८ साली जुन्या .४५ वर बसणारा संच विकायला आणला. या संचात बारक्या गोळीचा जोर वाढवून जड स्लाइड मागे ढकलण्याची एक खुबी होती. ती विल्यम्स नावाच्या माणसाची. तुरुंगात शिक्षा भोगताना बंदुकांच्या रचनेवर डोके चालवणारा हा इसम! असो.

जिथे असे संच उघड विकले जातात तिथले जाणकार ते कसे निवडतात? सगळ्यात पहिले, पिस्तुलाचा नेमका नमुना. नुसते कंपनीचे नाव जुळून भागत नाही. एकाच पिस्तुलाच्या जुन्या आणि नव्या घडणीत खाचा वेगळ्या असतात. झेक देशातील सीझेड ७५ या पिस्तुलासाठी त्याच कारखान्याने कॅडेट नावाचा संच काढला; आपलाच कारखाना असल्याने तो नीट बसतो. दुसऱ्याने केलेला संच हाताने बसवून, खुळखुळतो का ते पाहून घ्यावा लागतो. नेम धरायची माशी संचाच्या स्लाइडवर असते, म्हणून तिची उंची मूळ पिस्तुलासारखी आहे का, की संचावर केलेला सराव मोठ्या गोळीला उपयोगी पडणार नाही, हेही बघतात. बरेच संच जोरकस काडतुसावरच नीट चालतात. सौम्य काडतूस घातले की पुंगळी अडकते. दोन-तीन जातींची काडतुसे उडवून पाहिल्याशिवाय शहाणा माणूस खोकाभर घेत नाही. रिकाम्या पिस्तुलाचा चाप उगाच ओढायची खोडही इथे महागात पडते. आत काडतूस नसले की काठावर मारणारी पिन थेट नळीच्या कडेवर आपटू शकते आणि तिथे खाच पडते.

आणि एक मर्यादा. संचाने चाप, पकड, श्वास यांचा सराव होतो. धक्का सोसायचा सराव होत नाही.

आता आपल्या देशातले पाहू, कारण आपल्यासाठी खरी निवड दुकानात होत नाही, लायसन्सच्या कागदावर होते. १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्राच्या व्याख्येतच त्याचे भागही येतात. नळी किंवा स्लाइड म्हणजे लोखंडी सामान नव्हे, ते शस्त्रच. लायसन्सवर बोअर लिहिलेला असतो आणि काडतूस त्याच बोअरचे मिळते. .३२ च्या लायसन्सवर पॉइंट टू टूचे काडतूस मागणे म्हणजे ज्वारीच्या रेशनकार्डावर रॉकेल मागण्यासारखे! परदेशातून असे सामान आणण्याची वाटही सर्वसामान्य माणसाला खुली नाही. जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या लेखी परवानगीवाचून काही बदलणे म्हणजे गुन्हा, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना शस्त्र बनवणे किंवा त्याचे रूपांतर करणे यास किमान ७ वर्षांची, जन्मठेपेपर्यंतची शिक्षा आहे. गावचा हुशार लोहार किंवा लेथवाला "नळी करून देतो" म्हणाला तर त्याला हात जोडावेत. मोठ्या नळीत कागद गुंडाळून बारके काडतूस घालण्याचा प्रयोग तर कुणी चेष्टेतही करू नये. पिन काठावर बसत नाही, आणि पुंगळी फुटली तर तोंडावर येते.

बारकी गोळी म्हणजे खेळणे, हा समज दुसरा घातक. पॉइंट टू टूची गोळी मैलाच्या वर जाऊ शकते. भातखाचरात पाणी साचलेले असते, बांधावर काळा दगड असतो. पाण्यावरून किंवा दगडावरून उसळलेली गोळी पलीकडच्या पाड्यात कुठे जाईल याचा नेम नाही. आणि रानडुकरासाठी तर ही गोळी नव्हेच. जनावर जखमी होऊन झुडपात शिरते आणि दुसऱ्या दिवशी सरपणाला गेलेल्या बाईवर धावते. शिवाय वनखात्याच्या परवानगीवाचून त्याला मारणे हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहेच. पिकाच्या राखणीसाठी शस्त्र कायदा ठासणीच्या बंदुकीचे नाव घेतो. ती पुरेशी नाही असे अधिकाऱ्याला पटले तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूकही देता येते.

मग त्या पोराने काय करावे? याच कायद्यात त्याची वाट सांगितली आहे. मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदाला निशाणेबाजीसाठी पॉइंट बावीसची रायफल किंवा एअर रायफल यांचे लायसन्स देण्याची तरतूद वेगळी केलेली आहे. स्वतःच्या नावावर लायसन्स मिळायला २१ वर्षे पूर्ण लागतात, पण त्याआधी क्लबात देखरेखीखाली शिकता येते. कॉलेजात एनसीसी असेल तर कॅडेटला पॉइंट टू टू रायफल सरकारी काडतुसावर हाताळायला मिळते. पिस्तूलच शिकायचे असेल तर सुरुवात १० मीटरच्या एअर पिस्तुलाने करावी, छरा ४.५ मिलिमीटरचा, खर्च कमी, आणि चापावरचे बोट तेच शिकते.

कोल्हापूरची राही सरनोबत २५ मीटर पिस्तुलात २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकली, ते पॉइंट टू टूच्याच गोळीने. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसळे २००९ साली क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला, आपल्या नाशिकला नेमबाजी शिकला आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलमध्ये त्याने कांस्यपदक मिळवले. तीही बारकीच गोळी.

पेठहून नाशिक पन्नास-पंचावन्न किलोमीटर, घाट उतरून-चढून एसटीने दोन तासांचा रस्ता. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कचेरीत क्लबची आणि प्रबोधिनीच्या प्रवेशाची चौकशी होते. जाताना मुलाचा जन्मतारखेचा दाखला, शाळेचा दाखला आणि फोटो बरोबर घ्यावेत. काकांचे पिस्तूल मात्र घरीच, कुलपात. काडतुसे दुसऱ्या पेटीत आणि दोन्ही किल्ल्या काकांच्या करगोट्याला.