दगडाची पारख

या व्यासपीठावर विद्वान येतात. आम्ही पडलो युनियनचे कार्यकर्ते. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण थोडे वाचनालयात आणि बरेचसे गिट्टीच्या खाणींवर झाले. तेव्हा आज बोलायचे ते दगडाविषयीच.

आपल्या वऱ्हाडात, जिथे नदीचा गाळ साचलेला नाही, तिथे विहीर खणताना काय लागते? आधी काळी माती, मग मुरूम, मग काळा कातळ. ही तीन नावे खरे तर एकाच दगडाच्या तीन अवस्थांची. कातळ झिजून मुरूम होतो, मुरूम कुजून माती होते आणि त्या मातीत आपली कपाशी उभी राहते.

या कातळाचे नाव बेसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तप्त शिलारस वाहिला. थरावर थर निवत गेले. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर मुलूख त्याखाली आहे.

आता खनिज आणि खडक यांत फरक काय? चिवडा डोळ्यांसमोर आणा. पोहे, दाणे, डाळ्या ही खनिजे; सगळे मिळून झालेला चिवडा हा खडक. खनिजाची रासायनिक घडण आणि स्फटिकरचना ठरलेली असते. खडक बहुधा अनेक खनिजांचा मेळ असतो. बेसाल्टमध्ये मुख्यत्वे फेल्स्पार आणि पायरॉक्सिन असते, थोडे चुंबकीय लोहखनिजही असते. शिलारस भरभर निवला, म्हणून कण इतके बारीक राहिले की नुसत्या डोळ्यांना वेगळे दिसत नाहीत.

खडकांची कुळे तीन. शिलारस निवून झाला तो अग्निजन्य. आपला बेसाल्ट त्यातला. वाळू, माती, चुना थरांनी साचून घट्ट झाला तो गाळाचा, म्हणजे स्तरित. आणि दाबाने व उष्णतेने ज्याचे रूप पालटले तो रूपांतरित. भंडारा जिल्ह्यातील डोंगरी बुजुर्गचे मँगनीज अशाच खडकांत सापडते.

दुसरे कूळ पाहायला रिद्धपूरकरांना दूर जावे लागत नाही. चक्रधरस्वामींच्या वास्तव्यामुळे महानुभावांना पूज्य असलेली सालबर्डी मोर्शीच्या पुढेच, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. तिथे जमिनीच्या मोठ्या भेगेला लागून बेसाल्टखालचे प्राचीन वालुकाश्म उघडे पडले आहेत.

कुणी विचारील, मजुराला या कुळांशी काय कर्तव्य? एके काळी आम्हीही सभांतून सांगत असू की, दगड तो दगड, भाव मात्र वाढवून द्या. ती आमची चूक होती. वालुकाश्माचे कण बहुतांशी गारगोटीचे, म्हणजे क्वार्ट्झचे असतात. बेसाल्टमध्ये क्वार्ट्झ फारच थोडे. घण तोच, हात तेच. पण उडणारी धूळ निराळी. क्वार्ट्झची डोळ्यांना न दिसणारी धूळ फुप्फुसात रुतून बसते, तिथे वण पडतात, दम लागू लागतो. हाच सिलिकोसिस. पडलेला वण औषधाने जात नाही, शिवाय क्षयाला वाट मोकळी होते. आमचा एक सोबती पाथरवट क्षयाचीच औषधे घेत गेला. तो कोणता दगड घडवतो हे त्याला कुणी विचारले नाही, आम्हीही नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याने हा रोग सरकारला कळवण्याच्या यादीत घातला होता. पण कळवायचा तर आधी ओळखायला हवा.

बेसाल्टची धूळ निर्दोष आहे असे मात्र कुणी समजू नये. कोणतीही धूळ छातीला वाईटच. दगड ओला करून फोडावा. तोंडाला बांधलेल्या रुमालाने ही बारीक धूळ अडत नाही.

पारख घरी करता येते. कातळाच्या पोकळ्यांत पांढरे खडे सापडतात. लोखंडी खिळ्याने ओरखडा उठला आणि सौम्य आम्ल टाकताच फसफसले, तर ते बहुधा कॅल्साइट. खिळा हरला आणि खड्यानेच काचेवर रेघ ओढली, तर गारगोटी समजावी.

उद्या घरी जाताना रस्त्याकडेची गिट्टी उचलून जरूर पाहा. आणि ती फोडणारा भेटला, तर मजुरीबरोबर त्याच्या खोकल्याचीही चौकशी करा.