पावसातही तापणारा संगणक



या पानावर आम्ही एरवी बेणे, खोडवा, पाचट आणि हुमणी यांविषयी लिहितो. या वेळचा विषय जरा वेगळा असला तरी आपल्या उसाशी त्याचा संबंध आहे. म्हणून दोन मिनिटे काढून जरूर वाचावे.

आमची सासुरवाड रायगड जिल्ह्यात कशेळे येथे आहे. कर्जतहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. तिकडे ऊस नाही, सारा भाताचा मुलूख. तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. मेव्हण्याच्या मुलाचे तिथे झेरॉक्सचे आणि ऑनलाइन अर्ज भरण्याचे छोटे दुकान आहे. शेजारीच भाताची गिरणी. आसपासच्या वाड्या-पाड्यांतील माणसे दाखले, सातबारा आणि विम्याचे अर्ज यांसाठी त्याच्याकडे येतात.

जुलैअखेर आम्ही तिथे गेलो तेव्हा बाहेर पावसाची झड लागली होती आणि दुकानात दहा-बारा माणसे ताटकळत उभी होती. खरीप पीक विम्याची मुदत संपायला दोनच दिवस उरले होते. संगणक मात्र दर पंधरा मिनिटांनी आपोआप बंद पडत होता. अर्ज निम्मा भरला की पडदा काळा!

"मामा, मशीन तापतंय. दुरुस्तीवाला म्हणतो, जुनं झालं, नवीन घ्या. पैसे कुठून आणू?" पोरगा रडकुंडीला आला होता.

सगळे अंग गारठवणारी हवा आणि यंत्र तापते कसे? याचे उत्तर आम्हाला ठाऊक होते, कारण तो धडा आम्ही आदल्या हंगामात आपल्याच गट कार्यालयात घेतला होता.

आमची चूक

ऐन गाळपात आमचा ऊसनोंदीचा संगणक असाच बंद पडू लागला. आम्ही तो टेबलाखाली तसाच ठेवून "बघू नंतर" म्हणत राहिलो. एके दिवशी तो सुरूच होईना. तीन दिवस तोडणीचा क्रम हाताने लिहावा लागला. त्या घाईत एका सभासदाचा आडसाली प्लॉट यादीतून सुटला आणि पंधरा दिवस उशिरा तुटला. तुरे आलेला ऊस उभा राहिला की वजनात काय फटका बसतो, हे आपणास सांगायला नको. दोष आमचा होता. नंतर संगणक उघडला तर आत बगॅसच्या बारीक भुशाची गादी निघाली.

तापतो का?

संगणकाचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. कशेळ्याच्या यंत्रात २००६ नंतर आलेल्या कोअर टू ड्युओ जातीचा होता. त्या जातीतले बरेचसे प्रोसेसर पूर्ण कामात ६५ वॉटपर्यंत उष्णता देतात. म्हणजे जुन्या ६० वॉटच्या बल्बची धग नखाएवढ्या जागेतून बाहेर पडते. ती ओढून घेण्यासाठी वर ॲल्युमिनियमच्या पात्यांचा ठोकळा आणि त्यावर पंखा असतो. ठोकळा आणि प्रोसेसर यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणारा लेप असतो. त्याला थर्मल पेस्ट म्हणतात.

मळणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या रेडिएटरच्या जाळीत भुसकट बसले की इंजिन तापते. कारखान्यात बाष्पकाच्या नळ्यांत स्केल जमला की रस आटत नाही आणि सफाईसाठी गाळप थांबवावे लागते. संगणकाचेही तेच. गिरणीचा कोंडा पात्यांत बसला, त्याला पावसाळी दमट हवा मिळाली आणि त्याचे जाड नमद्यासारखे अस्तर झाले. बाहेरचा गारवा आत पोहोचणारच नाही! फार तापले की जळू नये म्हणून प्रोसेसर आधी काम मंद करतो आणि शेवटी यंत्र बंद पाडतो. तो बिघाड नव्हे, रखवाली होय.

दुरुस्ती कशी केली

पहिल्यांदा सगळ्या अर्जांची आणि कागदपत्रांची नक्कल पेनड्राइव्हवर घेतली. मग यंत्र सुरू होताना डिलीटची कळ दाबून आतल्या पानावर तापमान पाहिले. ९१ अंश! (काही यंत्रांत यासाठी एफ-२ कळ असते.)

वीज बंद केली, सगळ्या वायरी काढल्या आणि पेटी ओसरीवर आणली. आत हात घालण्यापूर्वी पेटीच्या उघड्या लोखंडाला हात लावला, म्हणजे अंगातली स्थिर वीज भागांवर उतरत नाही. पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवले आणि मऊ ब्रश व हवेच्या ब्लोअरने कोंडा काढला. पाते मोकळे सोडून वारा मारला तर पंखा भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होते.

ठोकळ्याच्या चार खुंट्या बाणाच्या दिशेने पाव वळसा फिरवून वर ओढल्या. खालची पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. ती आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसली आणि कर्जतहून आणलेली नवी पेस्ट तुरीच्या दाण्याएवढी मधोमध लावली. जास्त लावून फायदा नाही. खुंट्या परत मूळ जागी वळवून समोरासमोरच्या कोपऱ्यांत आळीपाळीने दाबल्या. चारही 'टक्' वाजल्या पाहिजेत. एक जरी ढिली राहिली तरी मेहनत वाया.

यंत्र चालू केले. तापमान ५२ अंश! खर्च फक्त पेस्ट आणि अल्कोहोलचा. त्या रात्री दुकान साडेअकरापर्यंत उघडे होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेवटचा अर्ज एका म्हाताऱ्या आजींचा गेला. पावती पदरात बांधूनच त्या घराकडे वळल्या.

हे करू नये

वीजपुरवठ्याचा डबा, म्हणजे पॉवर सप्लाय, कधीही उघडू नये. वायर काढल्यावरही त्यात वीज साठलेली राहते. ओले फडके आत फिरवू नये. गार राहावा म्हणून पेटीची बाजू कायम उघडी ठेवू नये. त्याने हवेचा मार्ग मोडतो आणि धूळ जास्त जाते. पेटी भिंतीपासून वीतभर पुढे आणि जमिनीपासून उंच ठेवावी.

आतल्या पाटीवरील छोट्या डबीसारख्या कपॅसिटरची डोकी फुगलेली किंवा गळलेली दिसली, तर सफाईने भागणार नाही. सन २००० नंतरच्या काही वर्षांत असे सदोष कपॅसिटर बऱ्याच यंत्रांत बसले होते. मग जाणकाराकडेच जावे.

शेवटी एवढेच

१९९८ मध्ये वारणा खोऱ्यात सुमारे ७० गावांत संगणक नेण्याचा प्रकल्प सुरू झाला, तेव्हा ऊस उत्पादकाला त्याचे अप्रूप होते. आज आपली लागण, तोडणी, वजन आणि बिल सारे त्यावरच चालते. म्हणून आम्ही ठरवले आहे की बॉयलरच्या अग्निप्रदीपनाआधी प्रत्येक गट कार्यालयातील संगणकाची सफाई होईल आणि ऊसनोंदीची नक्कल दर आठवड्याला वेगळी ठेवली जाईल. न ठेवल्यास सभासदांनी आम्हास जाब विचारावा.

आपल्या घरी मुलांच्या अभ्यासाचा जुना संगणक असेल, तर खंडेनवमीला त्यावर हळदकुंकू वाहण्यापूर्वी आतली धूळ आधी काढावी. औजाराची खरी पूजा तीच.

— ऊस विकास अधिकारी